कातळावरचा बॉल

१

आदेशचा बॉल सापडला तेव्हा सकाळचे सव्वानऊ वाजले होते. धरणाच्या पाण्यापासून हातभर अंतरावर, काळ्या कातळाच्या एका खळग्यात तो बसला होता. त्याच्यावर निळ्या रंगाचा ठिपका होता. बॉल होता, पण आदेश कुठंच नव्हता.

"सायेब पाण्याकडं गेलं व्हतं," सुभाष म्हणाला. हा आदेशची बॅग उचलणारा कॅडी, पस्तिशीचा, इथल्याच वाडीतला. तो धापा टाकत होता. "मी बॅग घिऊन मागनं येत व्हतो. आलो तर सायेब न्हाईत."

मी हाका मारल्या. घसा बसेपर्यंत मारल्या. समोरच्या डोंगरानं त्या सगळ्या जशाच्या तशा परत केल्या.

मी अमृत चासकर, महाळुंगे पडवळचा. मंचरला माझं ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे. आदेश कोरडे बोरी बुद्रुकचा. कॉलेजात पहिल्या दिवशी एका बाकावर बसलो, ते त्या सकाळपर्यंत आमचं एकच बाक होतं. चाकणच्या कंपनीत एका साहेबानं त्याला गोल्फचा नाद लावला आणि त्यानं मला. गावात आमची भरपूर टिंगल व्हायची. "एवढ्याशा बॉलमागं डोंगर हिंडायचा आन् शेवटाला तो बिळात घालायचा? त्यापरीस उंदीर धरा की राव!" तरी दर वर्षी आम्ही दोघंच कुठंतरी खेळायला जात असू. दोन वर्षं कोकणात समुद्रकाठच्या डोंगरउतारांवर खेळलो. दोन हजार एकच्या नवरात्रात कळलं, की डिंभ्याच्या वरच्या अंगाला, धरणाच्या काठी, पुण्याच्या कुणा हौशी माणसानं नऊ होलांचं मैदान केलंय. धरण तुडुंब होतं. "हा आपल्या तालुक्याचा समुद्र," आदेश म्हणाला. "घरचा समुद्र सोडून कोकणात कशाला मरायचं?"

निळा ठिपका त्याच्या घरचा. बाजारात टोमॅटोचे क्रेट एकमेकांत मिसळतात, म्हणून जो तो आपापली खूण करतो. कोरड्यांची खूण निळा ठिपका. आदेश ती बॉलवरही करायचा.

दुपारी घोडेगावहून फौजदार आले. मी जबाब दिला तो असा. सहाव्या होलच्या वाटेत मधे एक टेकाड आहे. आम्ही दोघांनी खालून बॉल मारले. आदेशच्या बुटाची लेस सुटली होती, ती बांधायला तो थांबला. मी पुढं होऊन टेकाडाच्या डाव्या उतारावर माझ्या बॉलपाशी गेलो. मागून आदेश आणि सुभाष वर आले आणि उजवीकडं उतरले. शेवटचं दिसलं ते एवढंच: आदेश पुढं, मागं सुभाष, पाठीवर बॅग आणि चपला हातात. मग मी माझा बॉल मारला आणि डावीकडून झेंड्यापाशी जाऊन वाट बघत बसलो.

"चपला हातात कशाला?" फौजदारांनी विचारलं.

"काठाला चिखल असेल."

"भांडण वगैरे?"

"नाही. उलट पाच होलांपर्यंत आम्ही बरोबरीत होतो. तीन वर्षांत पहिल्यांदाच. एरवी तोच जिंकायचा."

हवालदारानं जबाब वाचून दाखवला. मी तो आणखी एकदा वाचायला लावला आणि मगच सही केली. ते फौजदारांनी पाहिलं.

संध्याकाळी आदेशची बायको वृषाली आली. तिनं पाण्याकडं बघितलं नाही. सरळ माझ्याकडं आली.

"भावजी, दोघं गेला होता ना?" ती म्हणाली. "मग एकटे कसे?"

२

त्याआधीच पाण्यातून एक बूट वर आला होता.

गेणभाऊ नावाचा म्हातारा तिथं ट्रकच्या ट्यूबवर बसून मासे धरतो. त्याच्या जाळ्यात आदेशचा उजवा बूट आला, खिळ्यांचा, गोल्फचा. बूट काठावर ठेवला आणि जमलेल्या माणसांतून एकच हुंकार निघाला. त्यानंतर कुणी हाका मारल्या नाहीत. सगळे पाण्याकडं बघू लागले.

मी मैदानाच्या ऑफिसातून डिंभ्याला गेलो आणि फोनच्या बूथवरून कुंडलिकमामांना फोन लावला. मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. भूमी अभिलेख खात्यात तीस वर्षं मोजणीदार होते. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतले निम्मे बांध त्यांच्या मोजणीच्या साखळीखालून गेलेले. भावकीच्या भांडणात दोन्ही बाजूंना एकदमच न आवडणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. लोक त्यांना खोटं सांगायचं टाळत, कारण ते वाद घालत नसत. नुसते पावलं टाकत चालू लागत आणि खोटं कुठं संपतं तिथं जाऊन उभे राहत.

"मामा, आदेश बुडाला म्हणतात. मला वाटत नाही. आणि सगळे माझ्याकडं बघतात."

"तुला का वाटत न्हाई?"

माझ्याकडं उत्तर होतं, पण ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. खरं तर कुठंच सांगण्यासारखं नव्हतं.

"असंच," मी म्हणालो.

"बरं. येतो."

बुधवारी सकाळी डिंभ्याची एस्टी नेहमीप्रमाणं आलीच नाही, तेव्हा मामा घोडेगावहून एका टेम्पोत, दुधाच्या किटल्यांच्या शेजारी बसून आले. धोतर, वर कोट, हातात छत्री. शोधासाठी पाण्यात गळ टाकलेल्या होड्या, रडून सुजलेली वृषाली, झाडाखाली बसवून ठेवलेला मी. सगळं त्यांनी एकदा पाहून घेतलं. आदेशला हरवून तेव्हा चोवीस तास झाले होते.

"आदेश पोहतो का?" त्यांनी वृषालीला विचारलं.

"बोरीचा आहे, मामा. नदीतच वाढला."

"मंग पोरी, अजून रडू नको. पाण्यानं नेला असं समद्यांनी ठरवलंय, पण ते एका बॉलवरनं आन् एका बुटावरनं. दोन्ही आधी मला बघू दे."

३

फौजदार तरुण होते आणि त्यांच्या वडिलांची जमीन एकदा मामांनी मोजली होती. त्यांनी बॉल आणि बूट दाखवले.

मामांनी बूट हातात घेतला आणि लेसवरून बोट फिरवलं. मग बॉल घेतला आणि अंगठ्यानं फिरवला. निळ्या ठिपक्याच्या मागल्या बाजूला बॉल चिरला होता आणि चिरेत काळी पूड बसली होती.

"अमृत्या, असा चिरतो का हा?"

"दगडावर आपटला की चिरतो. दुसऱ्या होलला त्याचा एक बॉल कातळावर आपटून झुडपात गेला होता. तो सापडलाच नाही. सुभाषनं शोधला बराच वेळ."

"मंग?"

"मग त्यानं नवा काढला. हरवलेला धरून डबीत तीन होते. सहाव्यापर्यंत तो नवाच खेळला."

"बॅगंत किती हायेत?"

फौजदारांनी बॅग उघडली. एक बॉल होता. कोरा, निळ्या ठिपक्याचा.

मामांनी बॅग बंद केली. मैदानाचा मॅनेजर सावळाराम शेजारी उभा होता. कालपासून तो एकच वाक्य म्हणत होता, की मैदान बंद पडलं तर वाडीतली दहा घरं परत पुण्याला कामाला जातील. मामा त्याच्याकडं वळले.

"हरवलेल्या बॉलचं पुढं काय व्हतं, पावणं?"

सावळाराम घुटमळला. "आता काय सांगू तात्या. कॅडी लोकं बॉल दिसला की पायाखाली दाबत्यात. खेळणारा पुढं गेला की उचलत्यात. मंग दुसऱ्या पाहुण्याला इकत्यात. समदीकडं असंच चालतं. मी बी कानाडोळा करतो."

"आन् शोधलं कुठं कुठं?"

"कुठं न्हाई? टेकाड, गवत, भातखाचरं, वरची पठारं, पार ओढ्यापतुर. वाडीतली ऐंशी माणसं रांगंत चालली. एक हात जागा सोडली न्हाई."

मामांनी मान डोलावली आणि छत्री टेकत काठाकडं निघाले. गेणभाऊ ट्यूबला पाठ लावून विडी ओढत होता. त्याच्यावरही संशय होताच. सोमवारी आदेशचा एक बॉल त्याच्या डोक्यावरून गेला होता आणि "एक दिस बुडवीन तुला" असं तो सगळ्यांच्या देखत ओरडला होता.

"मी म्हनलो खरा," तो म्हणाला. "पर माजं ऐकतंय कोन? काल सकाळपासनं मी पान्यावरच व्हतो. त्या कातळावर पानकावळे पंख वाळवत बसत्यात. माणूस आला की भर्रदिशी उडत्यात. काल ते येकदाच उडालं. नवाच्या टायमाला."

"आठाला न्हाई?"

"न्हाई. आठाला तर मी त्यांच्याकडं बघून तोंड धूत व्हतो."

आदेश मला शेवटचा दिसला तेव्हा आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. मामा कातळावर उतरले. चप्पल काढली, दगडावर पाऊल घासलं, पाणी जिथं लागलं होतं तिथं वाकून हात लावला.

"अमृत्या," ते वर न बघता म्हणाले, "हितं चिखल कुठाय?"

मी पाहिलं. चिखल नव्हता. धरण भरलं की पाणी थेट कातळाला भिडतं. गाळ दिसतो तो उन्हाळ्यात, पाणी खाली गेल्यावर. हे मला माहीत नव्हतं असं नाही. या तालुक्यातल्या लहान पोरालाही ते माहीत असतं.

"मंग सुभाषनं चपला काढल्या कशाला?" मामांनी विचारलं.

४

मामा मला एकट्याला टेकाडावर घेऊन गेले.

आधी ते डाव्या उतारावर गेले, जिथून मी बॉल मारला असं जबाबात होतं. तिथून पावलं मोजत माथ्यावर आले. बेचाळीस. त्यांचं पाऊल अडीच फुटांचं असतं, तापातही बदलत नाही.

"तू हितं खाली हुभा व्हतास म्हनतो. हितनं उजवीकडचा उतार दिसत न्हाई. मधी माथा हाय. सुभाषच्या हातातल्या चपला दिसायला तुला या माथ्यावर यायला पायजे. ही बघ, या धोंड्यापाशी. हितनंच दिसत्यात."

मी त्या धोंड्याकडं पाहिलं.

"मी तीस वर्सं एकच धंदा केला, अमृत्या. पायानं सरकवलेले दगड हुडकले. माणूस लई थोडा सरकवतो. ईतभर. आन् मंग जबाबात सोताला त्या दगडापासनं लांब हुभा करतो. दर येळी."

मी तिथंच गवतात बसलो. खाली होड्या गळ फिरवत होत्या आणि वृषाली काठाला उभी होती. मला ओरडून रडावंसं वाटत होतं, आणि लाज एवढी वाटत होती की रडूही येईना.

"बॉल इथंच होता," मी सांगितलं. "माथ्यावर. आदेशचा. असा मोकळा, झेंड्याच्या तोंडावर. तिथून तो दोन ठोक्यांत होल करणार, हे दिसतच होतं. माझा खाली गवतात रुतलेला. तो लेस बांधत होता. मी बुटानं..."

"ढकलला."

"एवढासा. उजवीकडं घरंगळत गेला. आदेश वर आला तेव्हा म्हणालो, 'त्या बाजूला गेल्यासारखा वाटला.' मग तो गेला."

तीन वर्षांत एकदा जिंकायचं होतं. दुसरं काहीही नव्हतं. जिंकून एक वडापाव सुद्धा मिळणार नव्हता. घरी जाऊन फक्त सांगायचं होतं, की या वर्षी मी जिंकलो.

"मंग काल का बोलला न्हाईस?"

"बॉल पाण्याजवळ सापडला ना! मी मनाला समजावलं, त्याला तो मिळाला असेल, त्यानं मारला असेल, पाण्यापर्यंत गेला असेल. मग मी ढकलल्याचा काय संबंध? आणि फौजदार आधीच माझ्याकडं तसं बघत होते."

"तू ढकललेला बॉल पान्याकडं गेलाच न्हाई. कातळावरचा बॉल दुसऱ्या होलचा, चिरलेला. सुभाषनं पायाखाली दाबलेला. तो खिशातनं काढून त्यानंच तिथं ठेवला, नवाला, पानकावळे उडालं तवा. आता मला दाखव, कुठं घरंगळला?"

मी हात केला. उतार खाली जाऊन एका दाट झाडीला टेकत होता. जुनी, उंच झाडं, उन्हातही आत काळोख. झाडीच्या कडेनं हळदीत भिजवलेला सुताचा धागा बांधला होता.

पहिल्याच दिवशी सावळारामनं बजावलं होतं. ती देवराई. तिथं बॉल गेला तर सोडून द्यायचा, एक ठोका दंड घ्यायचा आणि नवा टाकायचा. आणि आता तर घट बसलेले. घट बसल्यापासून उठेपर्यंत नऊ दिवस राईत कुणाचंही पाऊल पडत नाही, राई सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या अंबाबाईचंसुद्धा नाही.

एक ठोका दंड. आणि आम्ही बरोबरीत होतो.

"बूट आठव," मामा म्हणाले. "लेस तुझ्या देखत बांधलेली. भिजली की गाठ आवळती, सुटत न्हाई. जाळ्यात आला तो बूट लेस सोडून, जीभ वर काढून, हातानं उतरवलेला. पाण्यात पडणारा माणूस बूट काढून पडत न्हाई. आदेशनं बूट काढले, सुभाषनं चपला काढल्या. दोन माणसं एकदमच पाय मोकळे करत्यात, अशी जागा कोणती?"

मी उठलो तोवर मामा उतरायला लागले होते.

"ऐंशी माणसांनी हातभर जागा सोडली न्हाई," ते म्हणाले. "ही सोडली. आन् सोडली हे कुणाच्या ध्यानात बी आलं न्हाई."

५

सुभाष राईच्या कडेला, आईच्या झोपडीपुढं बसला होता. मामांनी त्याला काही विचारलंच नाही. नुसता तो चिरलेला बॉल त्याच्यापुढं जमिनीवर ठेवला. सुभाषनं बॉलकडं पाहिलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"लई इनवलं मी सायबाला," तो म्हणाला. "घट बसल्यात, जाऊ नगा म्हनलो. सायेब हासलं. म्हनलं, 'बूट काढतो, मग तर झालं? राईतली आई काय बॉल ठेवून घेतीय व्हय माझा?' धागा वलांडून आत गेलं. मी हितंच हुभा. मंग एक वरडणं आलं, आन् धोंडा पडल्यावानी आवाज. मंग कायच न्हाई. मी हाका मारल्या, तात्या. बाहेरनंच."

"आत का नाही गेलास?" मी ओरडलो.

त्यानं माझ्याकडं पाहिलं. "आईनं घेतलं सायबाला, असं वाटलं मला. गेलेलं मानूस काय परत येतंय? आता ही सारी दुनिया बूट-चपला घालून आत शिरंल, आन् त्यो दोष माझ्या वाडीवर येईल. मीच आनलं व्हतं ना त्यानला. म्हनून बूट पान्यात टाकलं. बॉल ठेवला."

दारात त्याची आई उभी होती. अंबाबाई, सत्तरीची, नवरात्राच्या उपासानं आणखी वाळलेली. हातात तेलाची वाटी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"रातच्याला राईतनं कण्हल्यावानी येत व्हतं," ती हळूच म्हणाली. "मला वाटलं, आई कोपली. मी दिव्यात त्याल वाढवलं."

मागून फौजदार आले होते, सावळाराम, गेणभाऊ आणि वृषालीही. तिनं ते वाक्य ऐकलं आणि धाग्याकडं धावली. वाडीतल्या चार बायकांनी तिला धरलं. त्या रडत होत्या आणि सोडत नव्हत्या. फौजदारांनी पट्टा सारखा केला, पण पुढं एक पाऊल टाकलं नाही. वाडीची माणसं भिंतीसारखी उभी राहिली होती.

मामा अंबाबाईपुढं गेले. "बाई, तुझी राई मी बासष्ट साली मोजली. तुझा सासरा व्हता तवा. माझी साखळी बी त्यानं आत नेऊ दिली न्हाई. बाहेरनंच मोजली मी. आज मी मोजायला आलो न्हाई. तू सांगशील तसं."

अंबाबाईनं तेलाची वाटी खाली ठेवली.

"रातभर जितं मानूस कण्हत व्हतं," ती म्हणाली, "आन् मी दिवा पाजळत बसले." तिनं हळदीचा धागा दोन्ही हातांत धरला आणि तोडला. "लागंल ते पाप मला लागू दे. चपला काढा रं समद्यांनी. आन् चला."

फौजदारांनीही बूट काढले.

आत पानांचा थर गुडघ्याएवढा होता. एका थोरल्या झाडाच्या मुळ्यांमागं जमिनीत भेग होती, वेलींनी झाकलेली, दोन पुरुष खोल. मी पोटावर आडवा पडून खाली पाहिलं. आधी मला त्याचा अनवाणी पाय दिसला. दुसरा पाय धोंड्याखाली होता. मी त्याचं नाव घेतलं. खूप वेळानं खालून आवाज आला, इतका बारीक की मला वाटलं मीच बोललो.

"पाणी."

तीस तास झाले होते.

वर काढला तेव्हा त्याची उजवी मूठ मिटलेली होती. फौजदारांनी हळूच बोटं उघडली. आत बॉल होता. निळ्या ठिपक्याचा, कोरा, एकही ओरखडा नसलेला. मामांनी तो पाहिला आणि मग माझ्याकडं पाहिलं.

झोळी करून त्याला जीपपर्यंत नेला. वाटेत मामा माझ्या कानाशी म्हणाले, "बॉलचं मी कुणाला सांगणार न्हाई. ती मोजणी तुझी तू करायची."

६

पुण्याच्या दवाखान्यात दुसऱ्या दिवशी आदेशचा पाय गुडघ्याखालून कापला. डॉक्टर सरळ माणूस होता. म्हणाला, "रात्रीच्या आधी आणला असता तर पाय राहिला असता." मी ते भिंतीला टेकून ऐकलं. रात्रीच्या आधी म्हणजे मंगळवार संध्याकाळी. मंगळवार दुपारी मी सही करत होतो.

सुभाषवर केस झाली. अंबाबाईनं दसऱ्यापर्यंत अन्न घेतलं नाही, असं सावळारामनं सांगितलं. त्यांची चूक त्यांनी ऐंशी माणसांपुढं कबूल केली होती. माझी कुणाला माहीतच नव्हती.

दसऱ्याच्या दिवशी मी आपट्याची पानं घेऊन गेलो. मामाही आले होते, ते दारातच छत्रीवर रेलून उभे राहिले. आदेश उशीला टेकून बसला होता. चादर एका बाजूला सपाट होती. मी त्याला पान दिलं, त्यानं मला दिलं. वृषालीनंही माझ्या हातावर पान ठेवलं आणि वाकून नमस्कार करायला लागली. मी मागं सरलो.

"भावजी, तुमच्या मामांमुळं हे मिळाले. मी त्या दिवशी काठावर तुम्हाला काय काय बोलले. मनात तर त्याहून वाईट आलं होतं. माफ करा."

"अगं..."

"एकच कळत नाही मला," ती म्हणाली. "हे राईकडं गेले ते तुम्हाला तेव्हाच माहीत असतं तर..."

"त्याला कसं माहीत असेल?" आदेश पटकन म्हणाला. "तो डाव्या अंगाला होता. तिथून दिसत नाही."

मी त्याच्याकडं पाहिलं. डाव्या अंगाला म्हणजे माझ्या जबाबात. तो जबाब त्याला कुणी वाचून दाखवला असेल, तर फौजदारांनी. तेवढं ऐकून त्यानं मला तिथंच उभा ठेवला होता. त्याची नजर खिडकीबाहेर होती. ओठ किंचित हलले, वृषालीला ऐकू जाणार नाही इतके.

"लेस बांधत होतो," तो म्हणाला. "वर बघितलं मी तेव्हा."

तेव्हा मला कळलं. त्यानं पाहिलं होतं. मी बुटानं ढकललेला पाहिला, वर आला, "कुठं गेला रे?" असं मला विचारलं, माझं खोटं ऐकलं आणि एक शब्द न बोलता उतरला. मित्राला खोटं पाडण्यापेक्षा बॉल शोधून आणणं त्याला सोपं वाटलं.

दारात मामांनी छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"वहिनी," मी म्हणालो, "तो खोटं बोलतोय. मी माथ्यावर होतो."

आदेशनं डोळे मिटले. मी सगळं सांगितलं. बॉल कुठं होता, बुटानं कसा ढकलला, किती ढकलला, आणि मंगळवारी दुपारी, संध्याकाळी, रात्री मी कसा गप्प बसलो. सांगताना एकदाही अडखळलो नाही, कारण मंगळवारपासून मनात मी दुसरं काही करतच नव्हतो.

माझं संपल्यावर वृषाली चादरीच्या सपाट बाजूकडं बघत राहिली. मग तिनं हात पुढं केला, तळवा वर करून. मला कळेना.

"ते पान," ती म्हणाली. "मी दिलेलं. परत द्या."